मालकीचा ‘एस’

लंडनच्या भुयारी रेल्वेत पिकॅडिली मार्गावर दोन स्थानके लागोपाठ येतात: अर्ल्स कोर्ट आणि बॅरन्स कोर्ट. कानाला दोन्ही नावांची घडण सारखीच. आधी सरदारकीचा किताब, मग ‘एस’, मग कोर्ट. फलकावर मात्र पहिल्या नावातल्या ‘एस’च्या आधी अपॉस्ट्रॉफी आहे आणि दुसऱ्या नावात नाही. हा कुणा रंगाऱ्याचा हलगर्जीपणा नव्हे, अधिकृत नकाशातही नावे अशीच छापतात. दोन्ही स्थानकांवर प्रवासी चढतात-उतरतात आणि त्या चिन्हावाचून कुणाचे काही अडत नाही. इंग्रजीच्या पेपरात मात्र हेच चिन्ह चुकले की गुण जातो, आणि अर्जात चुकले की अर्जदाराच्या शिक्षणाविषयी शंका घेतली जाते. या चिन्हाचा जो धाक शिकणाऱ्याला वाटतो त्याचे मूळ एका घोटाळ्यात आहे. मालकी सांगणे हा भाषेचा व्यवहार आहे. ती मालकी कागदावर कोणत्या खुणेने दाखवायची हा छापखान्याचा व्यवहार आहे. पहिला हजाराहून अधिक वर्षे घडत आला आहे आणि त्याला पक्की शिस्त आहे. दुसरा चारेकशे वर्षांपूर्वी सुरू झाला, हातोहाती बदलत गेला आणि आजही पुरता ठरलेला नाही. शाळेत हे दोन्ही एकाच नियमात बांधून शिकवतात, आणि मग दुसऱ्यातली अनागोंदी पहिल्याच्या माथी मारली जाते.

आधी भाषेचे पाहू. हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी आजच्यापेक्षा संस्कृतच्या अधिक जवळची वाटावी अशी होती. नामांना तीन लिंगे होती, विभक्ती होत्या आणि षष्ठीचे प्रत्यय नामागणिक वेगळे होते. बहुतेक पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नामांना ‘एस’चा प्रत्यय लागे, कित्येक स्त्रीलिंगी नामांना नुसता स्वर लागे, आणखी एका मोठ्या गटाला ‘अन’ लागे, अनेकवचनाचे आणखी निराळे. पुढे उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांशी सरमिसळ झाली, 1066 नंतर नॉर्मन राजवट आली, आणि शब्दाच्या शेवटचे आघातहीन स्वर बोलण्यात एकमेकांत मिसळून गेले. एवढ्या पडझडीत षष्ठीचा एकच प्रत्यय ठसठशीत उरला, तो ‘एस’चा. मग तो सगळ्यांनाच लागू लागला, स्त्रीलिंगी नामांनाही. जुन्या व्यवस्थेचे अवशेष रोजच्या शब्दांत पडून आहेत. बुधवारचे इंग्रजी नाव म्हणजे वोडन देवाचा वार. त्यातला मधला ‘एस’ हा जुना षष्ठीचा प्रत्ययच आहे आणि त्याच्यावर कोणतेही चिन्ह नाही. उलट 25 मार्चच्या ‘लेडी डे’ या सणाच्या नावात मेरीमातेचा दिवस असा अर्थ असूनही ‘एस’ नाही, कारण ‘लेडी’ शब्दाचा षष्ठीचा प्रत्यय वेगळा होता आणि तो झिजून नाहीसा झाला. ‘लेडीबर्ड’ या किड्याच्या नावातही तीच मेरीमाता आहे.

प्रत्यय एकच उरला, इथवर गोष्ट साधी आहे. खरी उलथापालथ त्यानंतर झाली, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत तिचा पत्ताच नसतो. चौसरच्या चौदाव्या शतकातल्या कथांमध्ये बाथ गावच्या एका बाईची गोष्ट आहे. जुन्या हस्तलिखितात तिचे शीर्षक ‘वाइव्ज टेल ऑफ बाथ’ अशा धर्तीचे आहे. म्हणजे ‘एस’ बाईला लागलेला, कारण गोष्ट बाईची, आणि गावाचे नाव वाक्यरचनेत मागे राहिलेले. आज तेच शीर्षक ‘द वाइफ ऑफ बाथ्स टेल’ असे छापतात. ‘एस’ आता गावाला चिकटला आहे. गोष्ट गावाची नाही, तरी कुणाही इंग्रजाचा गैरसमज होत नाही, कारण तो ‘एस’ ‘बाथ’ला लागलेला नसून ‘वाइफ ऑफ बाथ’ या सबंध शब्दसमूहाला लागलेला आहे. शब्दाचा प्रत्यय हळूहळू शब्दापासून सुटा होऊन शब्दसमूहाच्या शेपटाला जाऊन बसला. ‘समबडी एल्सेस’ घ्या. यात मालक ‘समबडी’ आहे, ‘एस’ मात्र ‘एल्स’ला आहे. एकोणिसाव्या शतकापर्यंत काही काटेकोर मंडळी ‘समबडीज एल्स’ असे लिहीत, पण भाषेने त्यांचे ऐकले नाही. गिल्बर्ट आणि सलिव्हन या जोडीने मिळून लिहिलेल्या संगीतिकांविषयी बोलताना ‘एस’ एकट्या सलिव्हनला लागतो. दोघांची वेगवेगळी घरे सांगायची तर तो दोघांनाही लावावा लागतो. बोलण्यात तर ‘काल भेटलेल्या माणसाचा मुलगा’ सांगताना ‘एस’ खुशाल ‘यस्टर्डे’वर जाऊन बसतो. संस्कृतच्या षष्ठीला असे चालणार नाही. तिथे ‘वीरस्य रामस्य’ म्हणताना विशेषणालाही प्रत्यय घ्यावा लागतो.

मराठी वाचकाला हे पटकन उमगावे असे साधन त्याच्याच भाषेत आहे. आपण ‘बाथच्या बाईची गोष्ट’ म्हणतो तेव्हा मालकाचे वर्णन आधी येते आणि मालक शेवटी, त्यामुळे ‘ची’ आपसूक मालकालाच लागते. इंग्रजीत मालक आधी आणि वर्णन मागून, म्हणून ‘एस’ भलत्याच शब्दावर जाऊन पडतो. पण मालक एकापेक्षा जास्त झाले की आपल्यालाही तोच प्रश्न पडतो, आणि आपण तो ‘यांचा’ घालून सोडवतो: गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या संगीतिका. सगळ्या समूहाची मोट बांधायची आणि शेवटी एकदाच मालकी सांगायची. आदरार्थी लेखनात तर एका माणसालाही हे ‘यांचे’ लागते. ही खूणगाठ बांधून ठेवावी, कारण इंग्रजांनीही एकेकाळी नेमके हेच करून पाहिले होते.

सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्रजीत ‘राजाची मुलगी’ हे ‘द किंग हिज डॉटर’ असेही लिहीत. शब्दशः पाहिले तर ‘राजा, त्याची मुलगी’. बेन जॉन्सनचे 1605 साली छापलेले नाटक ‘सेजॅनस हिज फॉल’ या नावाचे आहे. 1662 च्या प्रार्थनापुस्तकातही येशूच्या नावापुढे हा ‘हिज’ सापडतो. जॉन्सनने आपल्या व्याकरणात या रचनेची चांगलीच निर्भर्त्सना केली आहे, स्वतःच्या नाटकाचे नाव तसे असूनही. व्याकरणकाराचा सल्ला आणि त्याचीच सवय यांच्यातले अंतर फार जुने आहे. या ‘हिज’मुळे पुढे एक समज रूढ झाला की मालकीचा ‘एस’ म्हणजे ‘हिज’चेच आखडलेले रूप. जोसेफ ॲडिसनने 1711 साली ‘स्पेक्टेटर’मध्ये तसे लिहिलेही. 1755 च्या कोशाला जोडलेल्या व्याकरणात सॅम्युएल जॉन्सनने ही समजूत मोडून काढली. त्याचा मुद्दा साधा होता. ‘एस’ बायकांच्या नामांनाही लागतो, मग ‘बाई, त्याचे सौंदर्य’ असे इंग्रज म्हणतात असे मानायचे काय? हा युक्तिवाद बिनतोड आहे. ‘एस’ हा ‘हिज’मधून आलेला नाही, तो जुन्या प्रत्ययाचा वंशज आहे. पण ‘हिज’ची रचना इतकी फोफावली याचा अर्थ इंग्रजी बोलणाऱ्यांना आपला ‘एस’ त्या काळीच सुटा, स्वतंत्र शब्दासारखा वाटू लागला होता. व्युत्पत्ती चुकली तरी कान बरोबर सांगत होता.

आता छापखान्याकडे येऊ. अपॉस्ट्रॉफी हे चिन्ह मुळात मालकीचे नाहीच. ते ग्रीकमधून आलेले, सोळाव्या शतकात फ्रेंच मुद्रकांनी उचललेले आणि तिथून त्याच शतकात इंग्रजीत गेलेले लोपचिन्ह आहे. संस्कृतात ‘अ’ गळाला की आपण अवग्रह लिहितो, त्याच कामाचे. ‘एस’च्या आधीचा ‘ई’ हा स्वर बोलण्यातून गेला होता, म्हणून काही मुद्रक त्या जागी हे चिन्ह देऊ लागले. ‘हिज’वर श्रद्धा असणाऱ्यांना त्यात ‘हिज’ची गळालेली अक्षरे दिसली. कारण कोणतेही माना, चिन्ह सांगत होते ते ‘इथे काहीतरी गळाले आहे’ एवढेच. त्यामुळे ते केवळ मालकीपुरते राहिलेही नाही. स्वरान्त परक्या शब्दांच्या अनेकवचनातही सतराव्या-अठराव्या शतकातले लेखक ते बेलाशक वापरत. आज भाजीवाल्याच्या पाटीवर बटाट्यांच्या अनेकवचनात अपॉस्ट्रॉफी दिसली की इंग्लंडातले सुशिक्षित हसतात. ती पाटी प्रत्यक्षात जुन्या छापील परंपरेची दूरची वारस आहे. एकवचनी मालकाच्या ‘एस’आधी चिन्ह हा रिवाज अठराव्या शतकाच्या सुमारास स्थिरावला. अनेकवचनी मालकाच्या ‘एस’नंतर चिन्ह हा रिवाज त्याहून उशिराचा, तो पक्का व्हायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. म्हणजे शेक्सपिअरच्या हयातीत जो नियम नव्हता त्याच्यावर आज सहावीच्या मुलाची इंग्रजी जोखली जाते.

हे चिन्ह फक्त डोळ्यासाठी आहे याचा पुरावा उच्चारात आहे. मालकीच्या ‘एस’चे तीन उच्चार होतात: ‘कॅट्स’मध्ये स, ‘डॉग्झ’मध्ये झ, आणि ‘हॉर्सिझ’मध्ये इझ. ते ठरतात शब्दाच्या शेवटच्या ध्वनीवरून. गंमत अशी की अनेकवचनाच्या ‘एस’चेही हेच तीन उच्चार, त्याच नियमाने. म्हणून ‘मुलगे’, ‘मुलाचा’ आणि ‘मुलांचा’ या तिन्ही अर्थी इंग्रज एकच ‘बॉइज’ बोलतो आणि ऐकणारा संदर्भावरून समजून घेतो. मराठीत मुलाचा पतंग आणि मुलांचा पतंग हा फरक कानालाही कळतो, इंग्रजीत तो कागदावरच कळतो. देवनागरीत लिहिताना तर अपॉस्ट्रॉफी गळूनच पडते. मुंबईत ‘किंग्ज सर्कल’ आणि ‘सेंट झेवियर्स’ अशा पाट्या आपण विनाचिन्ह वाचतो, आणि राजे किती होते हा प्रश्न कुणाला पडत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो सर्वांत वजनदार आहे. ‘एस’ जर शब्दसमूहाच्या शेवटी लागणारा असा मोकळा जीव असेल, तर सर्वनामांना तो का लागत नाही? ‘आय’ला ‘एस’ लावून कुणी ‘माझा’ म्हणत नाही, आणि ‘हिज’, ‘हर्स’, ‘इट्स’ यांच्यात ‘एस’ असूनही अपॉस्ट्रॉफी नाही. मग नियम कोलमडला नाही काय? कोलमडला नाही. सर्वनामे ही भाषेतली सर्वांत जास्त हाताळली जाणारी आणि म्हणूनच सर्वांत जुनी रूपे जपणारी जात आहे. नामांच्या विभक्ती गेल्या, सर्वनामांच्या टिकल्या. मराठीत हेच दिसते. आपण ‘त्याचा’, ‘तिचा’, ‘आमचा’ म्हणतो, पण ‘माझा’ आणि ‘तुझा’ यांत ‘चा’ नाही, आणि त्याबद्दल ‘चा’च्या नियमाला कुणी दोष देत नाही. इंग्रजी सर्वनामांचा हा संसार जमवाजमवीचा आहे. ‘देअर’ हे नॉर्स भाषेतून आले. ‘माय’ हे ‘माइन’मधला ‘न’ गळून झाले, आणि म्हणून जुन्या ग्रंथांत स्वरापूर्वी ‘माइन’ आणि व्यंजनापूर्वी ‘माय’ असा भेद दिसतो. नाम सोबत नसताना एकट्याने उभे राहणाऱ्या ‘हर्स’, ‘अवर्स’, ‘युअर्स’ या रूपांत आधीच मालकी असलेल्या शब्दाला नामांच्या देखादेखी आणखी एक ‘एस’ चिकटवला आहे. काही बोलींनी ‘माइन’चा कित्ता गिरवून त्याच जागी ‘हिझन’, ‘अवर्न’ अशी रूपे केली. ती ग्रंथात शिरली नाहीत एवढेच.

‘इट्स’ची कथा मात्र सावकाश सांगण्याजोगी आहे, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. जुन्या इंग्रजीत नपुंसकलिंगी ‘इट’चे षष्ठीचे रूप ‘हिज’ हेच होते, पुल्लिंगीसारखेच. जसे आपले ‘त्याचा’ हे ‘तो’ आणि ‘ते’ दोघांनाही चालते. 1611 च्या बायबलमध्ये झाडाचे फळ सांगतानाही ‘हिज’ आहे. ‘इट्स’ हे रूप छापील इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या अगदी अखेरीस दिसू लागते. ‘इट’ला नामासारखा ‘एस’ लावून ते नव्याने घडवले होते, म्हणून त्यात अपॉस्ट्रॉफीही नामासारखीच घालत. 1623 च्या शेक्सपिअरच्या फोलिओत ती आहे. 1787 च्या अमेरिकी संविधानाच्या मूळ प्रतीत, पहिल्या अनुच्छेदाच्या दहाव्या कलमात, मालकीच्या अर्थाचे ‘इट्स’ अपॉस्ट्रॉफीसकट लिहिलेले आहे. आज शिक्षक ज्यावर लाल रेघ ओढतो तेच. मग ती गेली कशी? ‘इट इझ’चे जुने आखूड रूप ‘टिझ’ होते. ते मागे पडून त्याच्या जागी अपॉस्ट्रॉफीचे ‘इट्स’ रुळले. एकच लेखन दोन कामांना येऊ लागल्यावर मुद्रकांनी एकाचे चिन्ह काढले, आणि ‘हिज’ व ‘हर्स’ यांना चिन्ह नव्हतेच, म्हणून ते मालकीच्या ‘इट्स’चे काढले. हा बंदोबस्त शहाणपणाचा आहे यात वाद नाही. पण तो व्याकरणाचा नियम नाही. ‘हूज’च्या दोन लेखनांमागेही हीच वाटणी आहे. शंका आली तर ‘इझ’ किंवा ‘हॅझ’ सुटे करून वाक्य वाचून पाहावे. वाक्य उभे राहिले तर चिन्ह द्यावे, पडले तर देऊ नये.

सर्वनामांच्या आक्षेपाला आणखी एक उत्तर चालू बोलण्यातूनच मिळते. ‘माझे आणि मेरीचे मिळून एक घर’ सांगताना इंग्रजी बोलणारे आजकाल सर्रास ‘मेरी अँड आय’ या जोडीला शेवटी ‘एस’ लावतात. व्याकरणाची पुस्तके ते अशुद्ध ठरवतात आणि परीक्षेत ते लिहू नये हेच बरे. पण चूक कोणत्या दिशेने होते ते पाहण्यासारखे आहे. सर्वनाम एकटे असते तेव्हा जुने रूप हटत नाही, आणि तेच जोडीत आले की शेपटाला बसण्याची ‘एस’ची ओढ त्याच्यावर मात करते.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. चिन्ह जर नुसते डोळ्यासाठी असेल तर ते काढूनच का टाकू नये? तसे प्रयत्न झाले आहेत. अमेरिकेच्या भौगोलिक नावांच्या मंडळाची स्थापना 1890 ची. तेव्हापासून ते स्थळनामांतल्या मालकीच्या अपॉस्ट्रॉफीला नकार देत आले आहे, आणि मार्थाज व्हिनयार्ड धरून अवघे पाच अपवाद त्याने मान्य केले आहेत. बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने 2009 मध्ये रस्त्यांच्या पाट्यांवरून ती हटवण्याचे ठरवले. केंब्रिजने 2014 मध्ये तसेच करून लोकांच्या संतापापुढे माघार घेतली. वॉटरस्टोन्स या पुस्तकविक्रेत्यांनी 2012 मध्ये आपल्या नावातली अपॉस्ट्रॉफी काढली, तेव्हा 2001 मध्ये स्थापन झालेल्या अपॉस्ट्रॉफी संरक्षण मंडळाने निषेध केला. जर्मन भाषेत व्यक्तिनामांना मालकीचा ‘एस’ लागतो, पण प्रमाण लेखनात बहुधा चिन्ह नसते आणि भाषा सुखाने नांदते. तिथे तर उलटी तक्रार आहे. इंग्रजीच्या वाऱ्याने दुकानांच्या नावांत अपॉस्ट्रॉफी घुसली, आणि 2024 च्या नियमावलीत तिला दुकानांच्या नावांपुरती मान्यता द्यावी लागली. हे सगळे पाहूनही मला चिन्ह काढण्याचा सल्ला पटत नाही. स्थळनाम हा एक ठोकळा असतो, तो फोडून वाचायचा नसतो, म्हणून तिथे चिन्ह गेले तरी चालते. चालत्या वाक्यात, विशेषतः करारात आणि मृत्युपत्रात, मालक एक की अनेक हे महत्त्वाचे असते, आणि कागदाला बोलणाऱ्याचा चेहरा नसतो. बहिणीचा वाटा आणि बहिणींचा वाटा हा फरक कोर्टात संदर्भावर सोडता येत नाही. चिन्ह उपयोगी आहे. त्यावरून लिहिणाऱ्याची अक्कल मोजणे तेवढे थांबवावे.

‘ऑफ’ केव्हा आणि ‘एस’ केव्हा, याविषयी शाळेत एक सोपा दंडक सांगतात: सजीवाला ‘एस’, निर्जीवाला ‘ऑफ’. माणसाचा पाय आणि टेबलाचा पाय येथवर तो चालतो. पण एका दिवसाच्या मजुरीलाही ‘एस’ लागतो, दोन आठवड्यांच्या मुदतीलाही लागतो, आणि देशांना, शहरांना, कंपन्यांना तर वर्तमानपत्रे रोज लावतात. दंडक कल सांगतो, कायदा नव्हे. शिवाय दोन्ही एकत्रही येतात. राजाचे चित्र ‘ऑफ’ने सांगितले तर चित्रात राजा आहे. ‘ऑफ’ आणि ‘एस’ दोन्ही लावले तर चित्र राजाच्या मालकीचे, त्यात कुणीही असो. ही बारीक सोय आपल्या ‘राजाचे चित्र’मध्ये नाही. त्याच्या बदल्यात आपल्याकडे ‘त्याने आपली पिशवी उचलली’ आणि ‘त्याने त्याची पिशवी उचलली’ यांत चोर पकडता येतो. इंग्रजीचा ‘हिज’ तिथे गप्प बसतो.

राहता राहिला ‘एस’ने संपणाऱ्या नावांचा प्रश्न, ज्यावर सर्वांत जास्त शाई सांडली आहे. लंडनमधले सेंट जेम्सेस पार्क अपॉस्ट्रॉफीनंतर आणखी एक ‘एस’ घेते. न्यूकासलचे त्याच नावाचे फुटबॉल मैदान नुसती अपॉस्ट्रॉफी घेऊन थांबते. 2006 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात कॅन्सस राज्याच्या एका खटल्याचा निकाल लागला. बहुमताचे निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती थॉमस यांनी ‘कॅन्सस’ला नुसती अपॉस्ट्रॉफी दिली, तर विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती सूटर यांनी पुढे ‘एस’ही दिला. थॉमस यांचे स्वतःचे नाव ‘एस’ने संपते, हे आपले जाता जाता. आर्कन्सॉ राज्याच्या नावातला शेवटचा ‘एस’ उच्चारातच नाही, म्हणून तिथल्या विधिमंडळाने 2007 मध्ये ठराव करून मालकीचा ‘एस’ वेगळा लिहायचे ठरवले. 2024 च्या अध्यक्षीय निवडणुकीत कमला हॅरिस उमेदवार झाल्या तेव्हा असोसिएटेड प्रेसने एक लेखन वापरले आणि न्यूयॉर्क टाइम्सने दुसरे. दोन्ही आपापल्या ठिकाणी शुद्ध होती. म्हणून या बाबतीत कुणी तुम्हाला चुकीचे ठरवू लागला तर आधी त्याला विचारा की तो कुणाच्या नियमावलीबद्दल बोलतो आहे. तुमच्या कचेरीची किंवा प्रकाशकाची शैली ठरलेली असेल तर ती पाळा. नसेल तर नाव मोठ्याने उच्चारा, जादा ‘इझ’ ऐकू आला तर ‘एस’ लिहा, आणि मग साऱ्या मजकुरात तेच एक लेखन ठेवा.